दाजींची फटफटी आणि सतरावा मजला

कोल्हापूरच्या स्टँडवर मला सोडायला आलेल्या लेकाने माझी पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "आई, मावशीकडं चाललीयस का लढाईला?" पिशवीत पान्यांचा सेट, पक्कड, हातोडी, गंज सोडवायच्या स्प्रेची बाटली आणि वर ताईसाठी खर्ड्याचा डबा होता. लोक मुंबईला समुद्र बघायला जातात. मी चालले होते एका मोटारसायकलचा धुराचा पाईप बदलायला. हसायचं तर हसा, पण खरं तेच आहे.

मला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून मी उभं आयुष्य रतीब घातलाय. गाडी रस्त्यात बंद पडली की तिथंच फतकल मारून ती सुरू करायची, ही सवय हाडात मुरलीय. म्हणूनच ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, नायगावच्या बीडीडी चाळीत दिलेली. दाजींची गाडी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक, जिला आमच्याकडं अजून फटफटी म्हणतात. तिचा बेंड पाईप (इंजिनाच्या तोंडातून धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी वाकडी नळी) तोंडाशीच गंजून तुटला होता. जवळच्या गॅरेजवाल्यांनी "भंगारात घाला" म्हणून हात वर केले होते.

एरवी पाईप कधी ना कधी मिळालाच असता. पण चाळ पाडायची होती आणि ताई-दाजींना त्याच आठवड्यात शेजारच्या नव्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर जायचं होतं. टॉवरच्या कमिटीने सांगितलेलं, बंद गाडी पार्किंगमध्ये येणार नाही. म्हणजे फटफटी चालू झाली तर टॉवरला, नाही तर भंगारवाल्याच्या टेम्पोत.

"अगं पण दाजींना तर दिसत नाही, त्यांना गाडी कशाला?" मी फोनवर विचारलं होतं. काचबिंदूने दाजींची नजर गेली त्याला बरीच वर्षं झालीत.

"तू ये. आल्यावर सांगते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

बसने दादरच्या पुलाजवळ उतरवलं तेव्हा नुकतं फटफटत होतं आणि मी थेट फुलांच्या बाजारात येऊन पडले. आमच्याकडंही फुलं पिकतात, पण अशी नदीसारखी वाहताना कधी बघितली नव्हती. झेंडूचे ढीग माणसाच्या उंचीचे. शेवंतीच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं पळत होती आणि "साईड, साईड" म्हणत होती. पायाखाली पाकळ्यांचा चिखल झाला होता आणि त्यालाही वास येत होता. मी पान्यांची पिशवी छातीशी धरून तिथंच उभी राहिले. एक हारवाली म्हणाली, "मावशी, घ्यायचंय का नुसतंच बघायचंय?" म्हटलं, बघायचंय. तिने सरकून मला उभं राहायला जागा दिली.

तिथून टॅक्सीने नायगाव. बीडीडी चाळ म्हणजे तीन मजल्यांची सिमेंटची पेटी. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना एकेका खोलीची घरं, टोकाला सगळ्यांचे मिळून नळ आणि संडास. निम्म्या चाळी रिकाम्या झाल्या होत्या, त्यांच्या खिडक्या काढून नेल्या होत्या. आणि त्यांच्यामागे टॉवर. मी मान वर केली, आणखी वर केली, डोक्यावरचा पदर घसरला तरी इमारत संपेना. या जुन्या चाळीतली माणसं उचलून तिकडं आभाळात ठेवणार, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या मजल्यावर ताईचं दार उघडंच होतं. तिथं सगळ्यांचीच दारं दिवसभर उघडी असतात, कुणी कडी वाजवत नाही. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली बांधलेली गाठोडी, आणि दाराशी खुर्चीवर दाजी. मी अजून पॅसेजच्या टोकाला होते तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "ये शालन. जय भीम. पिशवीत पाने आणलेस वाटतं."

"जय भीम, दाजी. तुम्हाला कसं कळलं?"

"पाने वाजले की गं. आणि डावा पाय घासत चालतेस, लहानपणापासून."

मला तर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चहा होईपर्यंत दाजींनी पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येकाला पायांच्या आवाजावरून नावाने हाक मारली आणि एकदाही चुकले नाहीत. एका बाईला म्हणाले, "सुमन, कंबर दुखतेय का आज?" ती जागीच थांबली आणि म्हणाली, "हो ना भाऊ, कालपासून." मी चहाचा कप हातात घेऊन नुसती ऐकत राहिले.

दुपारी दाजी आडवे झाल्यावर ताईने मला खिडकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. दाजी परळच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वायरिंगचं काम शिकून घेतलं, ही जुनी गाडी घेतली आणि लालबागपासून गिरगावापर्यंत लोकांचे पंखे आणि बटणं दुरुस्त करत फिरले. संध्याकाळी गाडी नाक्यावर वळली की तिचा आवाज ताईच्या खिडकीत यायचा आणि ताई चहाचं आधण ठेवायची. गाडी लावून ते जिना चढेपर्यंत चहा गाळून तयार. नजर गेल्यावर शेजारचे राणे गाडी चालवायला लागले. दाजी मागे बसतात. रोज संध्याकाळी दोघे दादरला चैत्यभूमीवर वंदन करून, समुद्राचा वारा खाऊन परत येतात. गाडीवाला बदलला, पण आवाज आणि आधण तेच राहिलं.

"माझा दिवस त्या आवाजापाशी येऊन टेकतो बघ," ताई म्हणाली. "पाईप तुटल्यापासून हे रिक्षा-टॅक्सीने जातात. कधी आले कळतच नाही. एकदम दारात उभे. दचकायला होतं. आणि आता तर सतरावा मजला. तिथं मला कसं कळणार गं, हे आले ते?"

ताई माझ्यापेक्षा खंबीर बाई आहे. आमचे वडील गेले तेव्हासुद्धा तिनेच सगळ्यांना जेवू घातलं होतं. तिचा आवाज असा बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, गाडी तर आधी चालू करू, मजल्याचं मग बघू.

दुसऱ्या दिवशी पाईप शोधायला निघालो, मी आणि राणेभाऊ. राणे मूळचे मालवणकडचे, गिरणीत दाजींच्याच खात्यात होते. तुटका पाईप मी नमुना म्हणून ताईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतला. बसमध्ये कंडक्टरने त्या वाकड्या गाठोड्याकडं बघून विचारलं, "मावशी, ही तोफ कुठं चालली?"

"गिरगावावर चाल करायला," मी म्हटलं. त्याने तोफेचं तिकीट मागितलं नाही, हे त्याचे उपकार.

परळला खिडकीतून राणेभाऊंनी बोट दाखवलं. "थंयसर (तिथे) आमची गिरण. आता वर बघ गे, मान मोडतली." काचेच्या इमारतींच्या मध्ये एक विटांचं धुराडं एकटंच उभं होतं. इमारती त्याच्या कितीतरी वर गेल्या होत्या. तरी माझी नजर त्या धुराड्यावरच खिळली. त्याच्या खाली एका पाळीत हजारो माणसं कामाला जायची, आणि त्यातलेच एक माझे दाजी. राणेभाऊ धुराडं मागे पडेपर्यंत बघत होते.

लालबागला उतरलो, कारण राणेभाऊंना मालवणी मसाला घ्यायचा होता. मसाल्याच्या गल्लीत पाऊल टाकलं आणि माझ्या शिंका सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना मिरच्यांची पोती, आणि कांडपाची यंत्रं धाडधाड मिरच्या कुटत होती. हवा लाल झालेली. दुकानातल्या बाईने विचारलं, "कुठल्या गावच्या?" कोल्हापूर म्हटल्यावर ती म्हणाली, "मग शिंका कसल्या?" मला उत्तर देता येईना, कारण मी शिंकतच होते. त्या धुरळ्यात ती दिवसभर बसते आणि तिचं नाकही हलत नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. आमच्या तिखटाचा मला फार अभिमान होता, तो तिथंच थोडा सांडला.

जेवलो एका छोट्या खाणावळीत. बांगड्याचं तिखलं (रस कमी, झणझणीत कालवण), भात आणि सोलकढी. सोलकढीचा दुसरा पेला मी मागितला, तिसरा वाढप्याने न विचारता आणून ठेवला.

गिरगावात ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्ल्यांमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. पहिल्या दुकानदाराने लुगडं सोडून पाईप बघितला आणि हसला. दुसरा हसला नाही, पण पाईपकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघून "अब नहीं आता" म्हणाला. मी म्हटलं, आता आलेय तर गल्ली संपेपर्यंत जाणार. कोपऱ्यावरच्या दुकानात एक जाड भिंगाचे गृहस्थ होते. त्यांनी पाईप उलटा-सुलटा केला, शिडी लावून माळ्यावर चढले, आणि बऱ्याच खुडबुडीनंतर ग्रीस लावलेल्या कागदातून नवाकोरा पाईप काढून खाली दिला. वाक सुद्धा तंतोतंत. इतकी वर्षं तो त्या अंधारात आमची वाट बघत पडला होता. या शहरात काहीही फेकलं जात नाही, कुठल्या तरी माळ्यावर असतंच, असं मला त्या क्षणी वाटलं.

"सायलेन्सरची जाळी पण घ्या," ते म्हणाले. जाळी म्हणजे सायलेन्सरच्या आत बसणारी, आवाज दाबणारी भोकांची नळी. "गाडी नव्यासारखी होईल. आवाज अजिबात नाही."

मी खुशीत जाळीही घेतली. मग चौपाटीवर जाऊन पाच मिनिटं समुद्र बघितला. राणेभाऊंनी दाजींना फोन लावून माझ्या हातात दिला. पाईप मिळाला म्हणून मी सांगितलं. मग दाजी म्हणाले, "जरा समुद्राकडं धर फोन." मी धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीखालच्या अंगणात मी कामाला बसले. जिन्याखालून गाडी बाहेर काढली तर चाळीत उरलेली सगळी माणसं खिडक्यांत. बाई पाना घेऊन बसलीय म्हणून नव्हे, दाजींची गाडी उघडलीय म्हणून. तुटक्या पाईपचं उरलेलं तोंड इंजिनाला धरून ठेवणारी चुडी, म्हणजे आट्यांची कडी, गंजून एकजीव झाली होती. स्प्रे मारला, हातोडीने ठोकलं, पाना सटकून माझी बोटं सोलली. ताईने वरून किटली भरून उकळतं पाणी आणून चुडीवर ओतलं. पहिल्या मजल्यावरच्या पोलीस हवालदारांनी ड्युटीला जाता जाता टोपी काढून पान्याला जोर लावला. तेव्हा कुठं चुडी कुरकुरली आणि फिरली. तोवर माझं पातळ काजळीने कोळशासारखं झालं होतं.

नवा पाईप बसला. मग सायलेन्सर उघडला, तर आत जाळीच नाही. म्हटलं, बघा, कुणी तरी काढून हरवलीय. किती वर्षं बिचारी गाडी अशीच बोंबलत फिरतेय. नवी जाळी सरकवली, स्क्रू आवळला, किक मारली. दुसऱ्या किकला गाडी लागली. काय लागली म्हणून सांगू, मांजर घुरघुरावं तशी. मी माझ्यावरच खूष झाले.

ताई म्हणाली, "मी वर जाते. खिडकीकडं पाठ करून उभी राहते. तुम्ही नाक्यापर्यंत जाऊन या. ऐकू आलं की आधण ठेवते." लग्न होऊन एवढी वर्षं झालेली बाई, पण जिना चढताना पोरीसारखी पळत गेली.

दाजी मागे बसले. आम्ही नाक्यापर्यंत गेलो, वळलो, परत आलो, अंगणात गाडी लावली. वरून काही हालचाल नाही. थोड्या वेळाने ताईचा आवाज आला, "अगं, किती वेळ? अजून निघाला नाहीत होय?"

मी दाजींकडं बघितलं. त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गाडी झकास केलीस शालन. अगदी नवी." पाहुण्याच्या घरी न आवडलेली भाजी चांगली म्हणावी तसं म्हणाले.

ताई रिकामं पातेलं हातात घेऊनच खाली आली. सगळं कळल्यावर तिने गाडीकडं बघितलं. मीच म्हटलं, "पण दाजी, आत जाळीच नव्हती हो. कुणी काढली होती?"

"मीच," दाजी म्हणाले. "गाडी घेतली तेव्हा ही अशीच गुपचूप चालायची. मला कामावरून यायला कधी उशीर, कधी फार उशीर. ही खिडकीत ताटकळत उभी. म्हटलं, निदान लांबून तरी कळू दे हिला. म्हणून काढून टाकली."

"मला कधी सांगितलं नाहीत," ताई म्हणाली. "मला वाटायचं, गाडीच तशी आहे."

"त्यात सांगायचं काय?"

"आणि आमची दुपारची झोप गेली ती?" राणेभाऊ म्हणाले. पण त्यांचेही डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांनी माझ्याकडचं काजळीचं फडकं घेतलं, त्यामुळे तोंड काळं झालं. सगळे हसले, ताई सोडून. ती पातेलं पोटाशी धरून दाजींकडं बघत होती, आणि ते बघणं त्यांना दिसत नव्हतं. मला वाटतं, कळत मात्र होतं.

मी एक स्क्रू काढला आणि जाळी ओढून बाहेर घेतली. किक मारली. अंगणातली कबुतरं उडाली. दाजी मान कलती करून ऐकत राहिले. "जरा सर्दी झालीय," म्हणाले, "पाईप नवा आहे ना. पण तीच आहे."

दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो गेला. ताई त्यातून पुढे गेली. संध्याकाळी राणेभाऊंनी गुडघ्यांचं निमित्त सांगून गाडी माझ्याकडं दिली. मागे दाजी. चाळीतून निघालो तेव्हा खिडकी-खिडकीत माणसं आली. सगळ्यांनी हात वर केले. मी दाजींना सांगितलं, "सगळे हात करतायत." ते म्हणाले, "ठाऊक आहे," आणि त्यांनीही हात वर केला.

टॉवरच्या गेटवर वॉचमनने कपाळाला आठ्या घातल्या. "गाडी चालू आहे ना?"

"सगळ्या नायगावाला कळलंय, तुम्हालाच कळेना होय?" मी म्हटलं.

आत शिरलो आणि गाडी बंद करणार, तोच वरून हाक आली, "भाऊ, जय भीम." चाळीतले जे लोक आधीच, काही तर कालच, तिथं राहायला गेले होते ते आवाज ओळखून बाल्कन्यांत आले होते. चौथ्या मजल्यावरून एक, नवव्यावरून एक, मग त्याच्याही वरून. दाजी गाडीवरून उतरले. त्यांनी तोंड वर केलं आणि प्रत्येक हाकेला नाव घेऊन उत्तर दिलं. पाटील. सुमन. कदमांची सून. प्रत्येक वेळी त्यांचं तोंड आणखी थोडं वर व्हायचं. मी चार दिवस तो टॉवर बघत होते, दाजी तो पहिल्यांदाच बघत होते, माणसांच्या आवाजांवरून.

"किती वर राहायला लागली गं आपली माणसं," ते हळूच म्हणाले. गिरणीचं धुराडं बघितलं, फुलांची नदी बघितली, पण मुंबई मला तिथं, पार्किंगमध्ये दिसली.

पण ताईची हाक आली नाही. लिफ्टने वर गेलो तर सतराव्या मजल्यावर सुतार ड्रिल मारत होते आणि ताई खोक्यांत बसली होती. गॅसवर काही नव्हतं. "आलात?" ती म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही गं. खिडकी उघडी ठेवली होती." मग माझी समजूत काढत म्हणाली, "जाऊ दे. उगाच दमवलं तुला." दाजींनी चाचपत जाऊन भिंतीला हात लावला, कुठं काय आहे ते शोधत राहिले.

मी रात्रीच्या बसने परत निघाले. येताना जितकी मिजास होती तितकीच जाताना कमी झाली होती. पाईप बदलता येतो, मजला खाली आणता येत नाही. पिशवीत पान्यांच्या बाजूला ती नवीकोरी जाळी होती, कुणाच्याच कामाची नसलेली. घरी येऊन मी ती दुधाच्या कॅनशेजारी खिळ्याला टांगली. आमच्या गल्लीत माझ्या गाडीचा आवाज कोण ओळखतं, असं मी लेकाला विचारलं. तो म्हणाला, "भाकरी कधी टाकायची ते तुझ्या सुनेला कसं कळतं असं वाटतं तुला?" मला आजवर वाटायचं, ती घड्याळ बघते.

काही दिवसांनी, संध्याकाळी, ताईला फोन केला. ती नव्या घराची उजळणी करत होती, पाणी चोवीस तास, वारा भरपूर, शेजारच्यांची दारं मात्र बंद. तिने आणि सुमनने आपापली दारं उघडी ठेवायला सुरुवात केलीय म्हणे. सुतारकाम संपून ड्रिल थांबलंय, आणि दाजी पुन्हा राणेभाऊंच्या मागे बसून चैत्यभूमीला जायला लागलेत. आणि मग मधेच ती थांबली.

"ठेव," ती म्हणाली. "हे आले. आधण ठेवते."

मी फोन कानाला घट्ट दाबून ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.